साइटचे फोटो गूगलच्या इमेज सर्चमध्ये येत नाहीत? या क्रमाने तपासा

काम नीट झालेलं आहे, मोबाइल फोटोंनी भरलेला आहे, वेबसाइटही आहे. तरी 'गच्ची वॉटरप्रूफिंग कोल्हापूर' असं टाकून गूगलच्या 'इमेजेस'वर गेलं की पुण्या-मुंबईची नाहीतर शेजारच्याच कॉन्ट्रॅक्टरची कामं दिसतात. वॉटरप्रूफिंग, पत्र्याचं शेड, ग्रिल-फॅब्रिकेशन, पीओपी, मॉड्युलर किचन अशी कामं घेणाऱ्यांकडे हा बिघाड वरचेवर सापडतो, आणि बहुतेक वेळा त्यात कॅमेऱ्याचा दोष नसतो. एकतर गूगलपर्यंत फोटो पोचलेलाच नसतो, किंवा पोचला तरी तो कशाचा आणि कुठल्या गावातला हे सांगणारं त्याच्या आजूबाजूला काहीच लिहिलेलं नसतं. चित्रात काय आहे याचा अंदाज गूगल बांधतो, पण गच्चीवरचा तो पांढरा थर कळंब्यातल्या बंगल्याचा आहे की कानपूरच्या गोदामाचा, हे त्याला चित्र पाहून कळत नाही.

खालच्या तपासण्या सोप्यापासून अवघडाकडे लावल्या आहेत. पहिल्या काहींना एक रुपयाही लागत नाही. साइट म्हणजे कामाची जागा आणि वेबसाइट म्हणजे इंटरनेटवरची, एवढा फरक पुढे सगळीकडे धरला आहे.

आधी लक्षण ओळखा

धंद्याचं स्वतःचं नाव टाकूनही इमेजेसमध्ये एकही फोटो येत नसेल, तर गूगलला दार बंद आहे. तपासणी ३ आणि ८ पाहा.

नाव टाकलं की फोटो येतात, पण 'काम आणि गाव' असं टाकलं की येत नाहीत, हे सगळ्यात जास्त आढळणारं लक्षण. यात शब्दांची कमतरता असते. तपासणी ५ वर वेळ घालवा.

लोगो आणि वरचा बॅनर दिसतो, कामाचे फोटो दिसत नाहीत: गॅलरी किंवा स्लायडरच्या बनावटीत दोष. तपासणी ७.

फोटो दिसतो पण टिचभर आणि धुरकट: लहान आकाराची प्रत लावलेली आहे. तपासणी ६.

तुमचाच फोटो, पण दुसऱ्याच्या वेबसाइटवर दिसतो: तो तुमच्याआधी सप्लायरने किंवा एखाद्या डिरेक्टरीने टाकला. तपासणी २.

पूर्वी यायचे, वेबसाइट नवी केल्यापासून गेले: जुने पत्ते तुटले. तपासणी ९.

फोटो दिसतात, लोक उघडतातही, फोन मात्र येत नाही: फोटो ज्या पानावर आहे ते पान अपुरं. हेही तपासणी ५ मध्येच.

१. पाहण्याची पद्धत बरोबर आहे का? (फुकट, पाच मिनिटं)

स्वतःच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये पाहू नका. तुम्ही आपलीच वेबसाइट रोज उघडता, त्यामुळे निकालावर तुमच्या सवयीचा परिणाम होऊ शकतो. इनकॉग्निटो खिडकी उघडा, जीमेलमधून बाहेर राहा आणि गिऱ्हाईक टाकेल ते शब्द टाका. गिऱ्हाईक 'इंटिग्रल सिमेंटिशस कोटिंग' टाकत नाही. ते 'स्लॅब गळती उपाय', 'गच्चीवर पत्रा शेड', 'टेरेस शेड डिझाइन' असं टाकतं, आणि पुष्कळदा मराठीच पण इंग्रजी अक्षरांत टाकतं.

मग सर्चच्या पेटीत 'साइट' हा शब्द इंग्रजीत, त्याला चिकटून अपूर्णविराम आणि त्याला चिकटून तुमच्या वेबसाइटचा पत्ता टाका. मध्ये कुठेही मोकळी जागा नको. इमेजेसवर जा. जे फोटो येतात ते गूगलकडे नोंदलेले आहेत. ही यादी पूर्ण असतेच असं नाही, पण शून्य आणि चाळीस यातला फरक लगेच कळतो.

फोटो कधी टाकला हेही आठवा. नवीन पान गूगलकडे नोंदायला काही दिवसांपासून काही आठवडे जातात, आणि फोटो पानापेक्षा सावकाश नोंदले जातात. गेल्या मंगळवारी टाकलेला फोटो आज दिसत नसेल तर तो बिघाड नाही. म्हणूनच वॉटरप्रूफिंगवाल्यांनी फोटो जूनमध्ये टाकून उपयोग नसतो. इकडे एप्रिल-मेमध्ये वळीव एकदा झोडपून गेला की छताला ओल दिसते आणि लोक शोधायला लागतात; तेव्हा फोटो आधीच नोंदलेले हवेत. मागच्या हंगामाची कामं फेब्रुवारीपर्यंत वेबसाइटवर चढवून ठेवावीत.

२. फोटो नक्की कुठे टाकला आहे?

व्हॉट्सॲप स्टेटस गूगलला दिसत नाही. ग्रुपवर टाकलेला फोटोही नाही. फेसबुकवरचं बरंचसं लॉगिनच्या आड असतं, आणि जे दिसतं त्यावरून गिऱ्हाईक तुमच्या पानावर न येता फेसबुकवर जातं. तेव्हा फोटोचं मूळ घर तुमची वेबसाइट. तिथे आधी चढवा, मग बाकी ठिकाणी वाटा.

गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल, म्हणजे नकाशावर दिसणारी तुमची नोंद, ही वेगळी गोष्ट आहे. तिथले फोटो नकाशात आणि नोंदीत दिसतात. ते हवेतच, पण ते वेबसाइटची जागा घेत नाहीत, कारण तिथे फोटोजवळ कामाचं वर्णन लिहायला जागाच नसते. तिथे जेपीजी किंवा पीएनजी चालतं, आकार १० केबी ते ५ एमबी, आणि ७२० बाय ७२० पिक्सेल किंवा जास्त असलेलं चांगलं. फोटोवर खाली ठळक पट्टा टाकून त्यात नाव, दोन मोबाइल नंबर आणि 'सर्व प्रकारची कामे केली जातील' लिहायची आपल्याकडे सवय आहे. असा फोटो नोंदीतून नाकारला जाऊ शकतो, आणि वेबसाइटवरही त्याचा उपयोग नाही. गूगल स्वतःच सांगतो की महत्त्वाचा मजकूर चित्रात कोरू नका, पानावर लिहा. हवं तर कोपऱ्यात लहानसं नाव ठेवा, कोब्याच्या वर नाही.

कंपनीच्या कॅटलॉगमधला फोटो स्वतःचं काम म्हणून लावू नका. तो शेकडो डीलरच्या वेबसाइटवर आधीच आहे, गूगल एकाच चित्राच्या प्रती ओळखतो आणि त्यातली एखादीच वर दाखवतो. शिवाय गिऱ्हाईकाने गूगल लेन्सने तोच फोटो तपासला की दोन सेकंदांत खरं बाहेर येतं. हीच तपासणी उलटीही करा: तुमचा एक चांगला फोटो लेन्समध्ये टाका आणि तो आणखी कुठे आहे ते पाहा. पत्र्याच्या सप्लायरने लावला असेल तर भांडू नका. खाली तुमचं नाव आणि वेबसाइटची लिंक द्यायला सांगा; त्याने फायदाच होतो.

३. वर्डप्रेसची एक खूण (फुकट, दोन मिनिटं)

वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या साधनात वेबसाइट बनत असताना अर्धवट पान गूगलमध्ये जाऊ नये म्हणून बनवणारा एक खूण करून ठेवतो, आणि काम संपल्यावर ती काढायला विसरतो. वर्डप्रेसच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'रीडिंग'वर जा. तळाला 'डिसकरेज सर्च इंजिन्स फ्रॉम इंडेक्सिंग धिस साइट' अशी चौकट दिसेल. तिथे बरोबरची खूण असेल तर काढा आणि सेव्ह करा. सगळ्या तपासण्यांत ही सर्वांत स्वस्त, आणि दोष इथे असेल तर बाकी काहीही केलं तरी फोटो येणार नाहीत.

योस्ट किंवा रँक मॅथ असं प्लगिन असेल तर त्यातही पाहा. 'प्रोजेक्ट' किंवा 'पोर्टफोलिओ' या प्रकारच्या पानांना 'नोइंडेक्स', म्हणजे 'गूगलने हे नोंदू नये' अशी सूचना, लागलेलं असू शकतं. मुख्य पान दिसतं, संपर्क दिसतो आणि नेमकी कामांची पानं वगळली जातात, ती यामुळे.

४. मूळ फोटो आहे का व्हॉट्सॲपवरून आलेला?

साइटवरचा मुकादम फोटो काढतो, मालकाला व्हॉट्सॲप करतो, मालक वेबसाइटवाल्याला करतो, आणि तो डाउनलोड करून चढवतो. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप दाबून लहान करतो. पुढे पाठवताना, पुन्हा सेव्ह करताना तो आणखी मार खातो. शेवटी पत्र्याची पन्हळ आणि सावली एकमेकांत मिसळून जातात. उपाय साधा आहे: फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते. नाहीतर गूगल ड्राइव्हमध्ये प्रत्येक साइटचं एक फोल्डर करा आणि मुकादमाच्या मोबाइलवरून थेट त्यात चढवायला शिकवा.

आयफोन असेल तर फोटो हाइक प्रकारात सेव्ह होतात. गूगल सर्चला चालणाऱ्या प्रकारांत तो नाही आणि बहुतेक ब्राउझरही तो दाखवत नाहीत. 'सेटिंग्ज', 'कॅमेरा', 'फॉर्मॅट्स' इथे जाऊन 'मोस्ट कंपॅटिबल' निवडा. गूगलला जेपीजी, पीएनजी, वेबपी, एव्हीआयएफ, जिफ, बीएमपी आणि एसव्हीजी चालतात. कामाच्या फोटोंना जेपीजी किंवा वेबपी पुरेसं आहे; पीएनजी नको, तो विनाकारण जड होतो.

फोटो काढण्याबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. साइटवर मोबाइलच्या लेन्सवर सिमेंटची धूळ बसलेली असतेच. काढण्याआधी सुती कपड्याने पुसा. पांढऱ्या कोटिंगचा फोटो भर दुपारी काढला की सगळं फटफटीत होतं. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर काढा, पडद्यावर पांढऱ्या भागावर बोट ठेवा आणि उजेड थोडा खाली ओढा. 'आधी' आणि 'नंतर' एकाच जागी उभं राहून काढा. पाण्याच्या टाकीचा पाया किंवा जिन्याच्या दाराची चौकट अशी न हलणारी खूण दोन्ही फोटोंत एकाच कोपऱ्यात आली पाहिजे.

आणि झाकलं जाणारं काम झाकण्याआधी टिपा. गच्चीच्या फोटोंत सगळेच शेवटचा चकचकीत पृष्ठभाग दाखवतात, त्यामुळे सगळ्यांचे फोटो सारखे दिसतात. पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) पायथ्याशी वाटा, म्हणजे कोपऱ्यातली गोलाई, भरताना, मसाला ओला असताना, गोलाईवर थापीच्या खुणा उमटलेल्या असताना हातभर अंतरावरून घेतलेला फोटो दुसऱ्या दिवशी मिळत नाही. ब्रिकबॅट कोब्यात विटांचे तुकडे कडेवर उभे लावलेले, मधल्या फटी अजून मोकळ्या. पावसाळी पाइपच्या तोंडाशी केलेला उतार. आणि ४८ तास पाणी साठवून ठेवलंय, पाण्यात टेप उभी धरली आहे आणि आकडा वाचता येतोय. शेडवाल्यांनी पत्र्याच्या उंचवट्यावर बसवलेला सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू आणि त्याखाली दबलेला रबरी वॉशर जवळून काढावा. ज्याच्या घरात खरंच गळतंय तो माणूस असाच फोटो उघडून मोठा करून बघतो. चकचकीत गच्ची त्याने दहा ठिकाणी पाहिलेली असते.

५. फोटोभोवती शब्द आहेत का? (फुकट, पण वेळ लागतो)

बहुतेकांचा बिघाड इथेच सापडतो. घाई करू नका.

*फाइलचं नाव.* मोबाइलमधून फोटो 'आयएमजी' आणि त्यापुढे तारखेचे आकडे अशा नावाने येतो. चढवण्याआधी ते बदला: काम, भाग, गाव. 'गच्ची-वॉटरप्रूफिंग-कळंबा-कोल्हापूर', 'टेरेस-शेड-राजारामपुरी', 'फॅक्टरी-शेड-शिरोली-एमआयडीसी' अशी नावं, पण रोमन अक्षरांत आणि शब्दांमध्ये आडवी रेघ देऊन. देवनागरी गूगलला वाचता येते. अडचण दुसरी आहे. पत्त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाची टक्केवारीच्या खुणांसह नऊ चिन्हं होतात, आणि अशी लिंक व्हॉट्सॲपवर चार ओळींची होऊन मध्येच तुटते. जुने फोटो नावासाठी पुन्हा चढवत बसू नका. नाव हा लहानसा इशारा आहे. पत्ता बदलला की गूगलला सगळं नव्याने शोधावं लागतं आणि त्यात महिने जातात. नवीन फोटोंपासून सुरुवात करा.

*ऑल्ट मजकूर.* वर्डप्रेसमध्ये फोटो निवडला की बाजूला 'ऑल्टरनेटिव्ह टेक्स्ट' अशी रिकामी पेटी दिसते. फोटोबद्दल सांगायला गूगल ज्या गोष्टी पाहतो त्यात ही सर्वांत वजनदार. ज्यांना दिसत नाही त्यांना हाच मजकूर वाचून दाखवला जातो, त्यामुळे लिहायची कसोटी सोपी आहे: फोन करून एखाद्याला फोटो कसा सांगाल, तसं लिहा.

चांगला: 'कळंब्यातील बंगल्याच्या गच्चीवर पॅरापेटच्या कडेने वाटा भरताना, बाजूला ब्रिकबॅट कोबा'.

वाईट: 'वॉटरप्रूफिंग कोल्हापूर, बेस्ट वॉटरप्रूफिंग कोल्हापूर, स्वस्त वॉटरप्रूफिंग कॉन्ट्रॅक्टर कोल्हापूर'.

दुसऱ्यात फोटोबद्दल एक अक्षरही नाही. गूगल याला शब्द कोंबणं म्हणतो आणि त्याने पान खाली जाऊ शकतं. वीस फोटोंना एकच ऑल्ट चिकटवणं हीही तीच चूक.

*फोटोखालची ओळ आणि शेजारचा परिच्छेद.* गूगल फोटोच्या जवळचा मजकूर, पानाचं शीर्षक आणि फोटोखालची ओळ वाचतो. फोटो वाट्याचा असेल तर वाट्याबद्दलचा परिच्छेद त्याच्या लगेच वर किंवा खाली हवा, पानाच्या तळाशी नाही.

*एक काम, एक पान.* 'गॅलरी' नावाचं एकच पान आणि त्यावर दोनशे फोटो: काही किचनचे, काही शेडचे, एक उद्घाटनाचा, दोन दसऱ्याच्या पूजेचे. अशा पानाला विषयच नसतो, मग त्यातला कुठला फोटो कशासाठी दाखवायचा? गॅलरी राहू द्या, पण चांगल्या आठ-दहा कामांना स्वतंत्र पान द्या. पानाचं शीर्षक: 'राजारामपुरीतील गच्चीवर पत्र्याचं शेड'. मग अडचण काय होती, मोजमाप किती, काय वापरलं, किती दिवस लागले, आणि सहा ते दहा फोटो. दोनशे-तीनशे शब्द पुरतात.

नमुना म्हणून एक परिच्छेद: 'गच्ची ३० बाय २० फूट. जुन्या कोब्याला पॅरापेटलगत भेग होती, खालच्या बेडरूमच्या कोपऱ्यात ओल येत होती. जुना कोबा काढून स्लॅब धुतला, भेगा उघडून भरल्या, नवीन ब्रिकबॅट कोबा पाइपकडे उतार देऊन केला, चारही बाजूंना वाटा भरला. शेवटी ४८ तास पाणी साठवून खालून पाहणी केली.' बस, एवढंच लिहायचं. 'अत्याधुनिक तंत्रज्ञान आणि उत्कृष्ट दर्जा' असल्या वाक्यातून गूगललाही काही कळत नाही आणि गिऱ्हाईकालाही.

गावाचं नाव खरं असावं. इचलकरंजीत काम केलं असेल तर इचलकरंजी, आजऱ्याला केलं असेल तर आजरा. एकाच मजकुरात गाव बदलून कागल, गडहिंग्लज, हातकणंगले, शिरोळ अशी बारा पानं छापली की ती गूगलच्या नियमांत थेट फसवणुकीत मोडतात. शिवाय पन्हाळ्याच्या गिऱ्हाईकाला गच्चीमागे सपाट ऊस दिसला की तेही फसत नाही.

मराठी की इंग्रजी? दोन्ही. शीर्षक आणि मजकूर मराठीत ठेवा आणि 'टेरेस वॉटरप्रूफिंग', 'रूफिंग शेड' असे धंद्यातले शब्द पानावर एकदा रोमन अक्षरांतही येऊ द्या. बरीच माणसं मोबाइलवर तसंच टाइप करतात.

*फोन का येत नाही.* फोटो उघडून आलेला माणूस त्या कामाच्या पानावर उतरतो, मुख्य पानावर नाही. तिथेच बोट लावताच लागणारा नंबर, व्हॉट्सॲपची लिंक आणि 'कोल्हापूर शहर, करवीर, हातकणंगले तालुका' असं कामाचं क्षेत्र हवं. चौरस फुटाचा दर लिहायला संकोच वाटत असेल तर दर कशावर ठरतो ते तरी लिहा: जुना कोबा काढायचा आहे का, मटेरियल कितव्या मजल्यावर चढवायचं आहे, गच्चीवर टाक्या किती आहेत.

पान चढवण्याआधी घरमालकाला विचारा. दारावरची नावाची पाटी, गाडीचा नंबर, मुलांचे चेहरे, सेफ्टी डोअरच्या कुलपाची जागा हे फोटोत नको. भागाचं नाव पुरे, घर नंबर नको.

फोटोत जीपीएस कोरून देतो म्हणून पैसे घेणारे भेटतील. त्यावर खर्च करू नका. फोटोआडची ही माहिती वाटेत बऱ्याचदा गळून जाते, साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून व्हॉट्सॲप तर ती काढूनच टाकतो, आणि पानावर स्वच्छ लिहिलेल्या 'कळंबा, कोल्हापूर' या शब्दांनी जे होतं ते त्याने होत नाही.

६. आकार

मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेल आणि साधारण ३ ते ६ एमबीचा असतो. तसाच चढवला तर आजऱ्याच्या किंवा गगनबावड्याच्या नेटवर पान उघडता उघडत नाही आणि माणूस मागे जातो. लांब बाजू १६०० ते २००० पिक्सेल, गुणवत्ता ७५ ते ८०, वजन २०० ते ४०० केबी असं ठेवा. स्क्वूश नावाचं साधन ब्राउझरमध्येच फुकट चालतं.

उलटा दोषही तितकाच आढळतो. वर्डप्रेस प्रत्येक फोटोच्या लहान प्रती बनवतो: १५० पिक्सेलची 'थंबनेल', ३०० ची 'मीडियम', १०२४ ची 'लार्ज'. गॅलरीत 'थंबनेल' निवडून लिंक 'नन' ठेवली असेल तर पानावर फक्त १५० पिक्सेलचा तुकडा आहे. मोठा फोटो सर्व्हरवर पडून आहे, पण त्याच्याकडे जायला वाट नाही. गूगलला टिचभर दिसतो तो यामुळे. 'लार्ज' किंवा 'फुल' निवडा.

७. स्लायडर आणि गॅलरीचा दोष

यासाठी सर्च कन्सोल, म्हणजे आपली वेबसाइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं साधन, लागतो. तो गूगलचा आहे, फुकट आहे आणि प्रत्येक कॉन्ट्रॅक्टरच्या स्वतःच्या जीमेलवर असायलाच हवा. वरच्या पेटीत कामाच्या पानाचा पत्ता टाका, 'टेस्ट लाइव्ह यूआरएल' दाबा, निकाल आला की 'व्ह्यू टेस्टेड पेज'मधलं 'एचटीएमएल' उघडा. त्यात तुमच्या फोटोच्या फाइलचं नाव शोधा.

नाव सापडलं नाही तर गूगलला तो फोटो दिसतच नाही. फोटो इमेजेसमध्ये न येण्याची कारणं दोन. एक, नाव सापडत नाही, कारण फोटो स्क्रोल केल्यावर किंवा 'आणखी पाहा' दाबल्यावरच येतो. गूगलचा रोबोट ना बोटाने पान सरकवतो ना बटण दाबतो. ब्राउझरची स्वतःची लेझी लोडिंग (फोटो गरज पडेल तेव्हाच उतरवणं) चालते, जुन्या प्लगिनची चालेलच असं नाही. ते प्लगिन बंद करून पुन्हा तपासा.

दोन, नाव सापडतं पण 'बॅकग्राउंड-इमेज' या शब्दाशेजारी. पार्श्वभूमी म्हणून लावलेला फोटो गूगल इमेजेसमध्ये घेत नाही. तो साध्या इमेज टॅगमध्ये असावा लागतो. देखण्या स्लायडरमध्ये हे सर्रास असतं. स्लायडर शोभेला ठेवा आणि तेच फोटो खाली साध्या इमेज ब्लॉकने लावा.

सर्च कन्सोलच्या 'परफॉर्मन्स' अहवालात सर्चचा प्रकार 'इमेज' निवडला की कुठल्या शब्दांवर फोटो दिसले आणि किती जणांनी उघडले ते कळतं. मागच्या १६ महिन्यांपर्यंतचं दिसतं. पुढचं पान कशावर करायचं ते इथून ठरवा: 'पोर्च शेड' वर फोटो दिसताहेत आणि तुमच्याकडे पोर्चच्या कामाचं पानच नाही, असं हमखास सापडतं.

८. सर्व्हरचं दार

वेबसाइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' इंग्रजीत टाका. उघडलेल्या फाइलमध्ये 'डिसअलाउ' समोर 'अपलोड्स' फोल्डरचं नाव असेल, किंवा 'गूगलबॉट-इमेज' खाली नुसती तिरकी रेघ असेल, तर फोटोंना बंदी आहे. पाहणं सोपं आहे, बदल मात्र समजून करा. एका रेघेने सगळी वेबसाइट बंद होते.

दुसरं, होस्टिंगच्या सी-पॅनेलमधलं 'हॉटलिंक प्रोटेक्शन'. दुसऱ्यांनी आपले फोटो त्यांच्या पानावर थेट लावू नयेत म्हणून ते असतं. गूगलचा रोबोट 'मी अमुक पानावरून आलो' असं सांगत नाही. त्यामुळे 'अलाउ डायरेक्ट रिक्वेस्ट्स'ची खूण काढलेली असेल तर तोही बाहेर राहतो. ती खूण ठेवा, किंवा संरक्षण बंद करून तीन-चार आठवडे पाहा.

९. नवीन वेबसाइट झाली आणि फोटो गेले

डिझाइन बदलताना पानांचे आणि फोटोंचे पत्ते बदलतात. जुना पत्ता नव्याकडे कायमचा वळवला नाही, म्हणजे ३०१ रीडायरेक्ट दिला नाही, तर गूगलसाठी जुना फोटो गेला आणि नवा अनोळखी आला. जुनी वेबसाइट उतरवायच्या आधी सगळे पत्ते एका एक्सेलमध्ये उतरवून घ्या. आता उशीर झाला असेल तर सर्च कन्सोलच्या 'पेजेस' अहवालात 'नॉट फाउंड' खाली बरेचसे सापडतात.

इथे थांबा आणि जाणकार बोलवा

सर्च कन्सोलमध्ये 'मॅन्युअल ॲक्शन्स' किंवा 'सिक्युरिटी इश्यूज' खाली काही लिहिलेलं असेल तर स्वतः काहीही पुसू नका. तुमच्या नावाने शोधल्यावर जपानी अक्षरं किंवा औषधांच्या जाहिराती दिसत असतील तर वेबसाइटमध्ये कोणीतरी घुसलं आहे. फाइल पुसून ते जात नाही, पुन्हा येतं. 'एचटीएमएल'मध्ये पान जवळजवळ रिकामं दिसत असेल, डोमेन किंवा होस्टिंग बदलायचं असेल, शेकडो रीडायरेक्ट लावायचे असतील, थीमच्या कोडमध्ये किंवा एचटीॲक्सेस फाइलमध्ये हात घालावा लागत असेल, तिथेही वेबचं काम येणाराच हवा. आणि १ ते ९ सगळं करून तीन महिने उलटले, 'साइट' घालून केलेल्या शोधात फोटो अजून शून्यच आहेत, तरीही.

त्याला बोलावताना वर काय काय तपासलं आणि काय दिसलं ते कागदावर लिहून द्या, म्हणजे तेच तपासायचे पैसे पुन्हा जात नाहीत. हात लावण्याआधी पूर्ण बॅकअप मागा आणि त्याची एक प्रत तुमच्या ड्राइव्हवर ठेवा. डोमेन, होस्टिंग आणि सर्च कन्सोल तुमच्या स्वतःच्या ईमेलवर असू द्या. त्याला वापरकर्ता म्हणून जोडा, मालक म्हणून नको. पहिल्या क्रमांकाची गॅरंटी देणाऱ्याला काम देऊ नका. तशी गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतःच लिहून ठेवलं आहे.